प्रौढांची निवासी संस्था कशी पारखावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा दादा बौद्धिक दिव्यांग आहे. आई-बाबा गेल्यावर त्याला निवासी संस्थेत ठेवावं लागलं. पहिली संस्था आम्ही घाईत निवडली आणि सात महिन्यांत सोडली. आता तो जिथे आहे तिथे रमला आहे. मधल्या काळात मी बऱ्याच संस्थांच्या पायऱ्या चढले. ओळखीपाळखीत ते कळलं आणि कोणाच्या आईसाठी, कोणाच्या बहिणीसाठी, कोणाच्या चुलत्यासाठी जागा बघायला लोक मला सोबत नेऊ लागले. त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठेही गेले तरी मी एकच शोधत असते : इथला जो माणूस तक्रार करूच शकत नाही, तो या घडीला कसा आहे?

१. वृद्धाश्रम, दिव्यांगांची निवासी संस्था, मानसिक पुनर्वसन केंद्र... हे सगळं एकच ना?

डोळ्यांनी करायची पाहणी जवळपास सारखीच, लागू होणारा कायदा मात्र वेगळा. वृद्धांसाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. दिव्यांगांच्या संस्थांना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू होतो. मानसिक आजार असलेल्यांना जिथे ठेवून घेतात, ती जागा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खाली येते. त्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही आहे. त्यामुळे 'आम्ही खास स्मृतिभ्रंशाचे पेशंट सांभाळतो' असं सांगणाऱ्या संस्थेला 'या कायद्याखाली तुमची नोंदणी आहे का?' हे विचारायलाच हवं. बौद्धिक दिव्यांगत्व त्या व्याख्येत येत नाही. दादासारख्यांसाठी २०१६ चा कायदा बघायचा.

अनेक ठिकाणी एकाच छताखाली थकलेल्या आजी, तरुण मनोरुग्ण आणि दारू सोडवायला आणलेले पुरुष असे सगळे असतात. अशी सरमिसळ मला धोक्याची वाटते. तिघांच्या गरजा वेगळ्या, तिघांना असलेले धोके वेगळे, आणि रात्री त्यांच्याकडे बघणारा माणूस बहुतेकदा एकच.

२. संस्था 'नोंदणीकृत' आहे, तसा फलकही लावलाय. एवढं पुरेसं नाही का?

नाही. 'नोंदणी कशाची?' हा पुढचा प्रश्न. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे संस्था सार्वजनिक न्यास म्हणून अस्तित्वात आहे, विश्वस्त कोण आहेत आणि हिशेब कुठे द्यायचे, एवढंच. आत माणसं कशी ठेवतात हे त्या कागदावरून कळत नाही. दिव्यांगांची संस्था चालवायला २०१६ च्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, मानसिक आरोग्य आस्थापनेला २०१७ च्या कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र बघायला मागा. त्यावरची मुदत, पत्ता आणि मंजूर संख्या वाचा. पन्नासची मंजुरी आणि आत ऐंशी खाटा असतील, तर पुढचं काही विचारायची गरज उरत नाही.

खासगी वृद्धाश्रमाची गोष्ट निराळी आहे. २००७ च्या कायद्यात राज्य सरकारने दर जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांना पुरेल असा वृद्धाश्रम उभारावा असं म्हटलं आहे, पण खासगी वृद्धाश्रमाला परवाना सक्तीचा करणारं कलम त्यात नाही. २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा घरांची नोंदणी आणि किमान दर्जा सुचवलेला होता. म्हणून वृद्धाश्रमाच्या बाबतीत तुमची स्वतःची पाहणी फार मोलाची.

३. फोन करून जावं की न कळवता?

दोन्ही. पहिल्यांदा वेळ घेऊन जा, म्हणजे अधीक्षकांशी नीट बोलणं होतं आणि कागद बघता येतात. दुसऱ्यांदा न कळवता, शक्यतो रविवारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहा ते साडेसातच्या सुमारास. दिवसपाळी संपलेली असते, जेवणं चालू असतात, कार्यालय बंद असतं. खरी संस्था त्या वेळी दिसते. आंघोळीच्या वेळी आत सोडा म्हणून हट्ट धरू नका, तो तिथल्या लोकांच्या अब्रूचा प्रश्न आहे.

'आधी कळवल्याशिवाय आत सोडत नाही' या उत्तराचे दोन अर्थ होतात. सुरक्षेसाठी ओळखपत्र मागणं, वहीत नाव लिहायला लावणं, दहा मिनिटं थांबवणं हे चांगलंच आहे. पण प्रवेश निश्चित करू पाहणाऱ्या नातेवाइकाला खोल्या कधीच दाखवत नसतील, फक्त कार्यालय आणि बाग दाखवत असतील, तर तिथे माणूस ठेवू नका.

४. आत गेल्यावर नेमकं काय बघायचं? आम्हाला सगळं स्वच्छच दिसतं.

स्वच्छ दिसतं कारण तुम्हाला पुढची खोली दाखवतात. 'अंथरुणाला खिळलेली माणसं कुठे असतात? तिथे आधी जाऊया,' असं म्हणा.

दारात उभं राहून आधी वास घ्या. कोणीतरी नुकतंच कपडे खराब केले असतील तर वास येणारच, त्याचा बाऊ करू नका. गादीत, भिंतीत मुरलेला जुना लघवीचा वास वेगळा असतो आणि तो लपत नाही. फिनेलचा फार उग्र वास आला तरी मी सावध होते.

मग पाणी बघा. पेला किंवा बाटली हाताला लागेल अशी आहे का? की पलीकडच्या टेबलावर ठेवून दिली आहे? ओठ सुकलेले, जीभ कोरडी, युरिन बॅगेतली लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. काही ठिकाणी मुद्दाम पाणी कमी देतात, सारखं बदलावं लागू नये म्हणून. हे मी एका मावशींच्या तोंडून ऐकलं आहे. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्यावर बावीस माणसं सोपवलेली होती.

टाचा, माकडहाड आणि खुबे ही जखमा होण्याची ठिकाणं. अनोळखी माणसाचं पांघरूण काढून बघायचा अधिकार आपल्याला नाही, पण टाचा बऱ्याचदा उघड्याच असतात. गोऱ्या कातडीवर जखमेची सुरुवात लालसर दिसते आणि बोटाने दाबलं तरी लाली जात नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे तो भाग आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा टणक लागतो. 'सध्या किती जणांना पाठीला जखमा आहेत आणि त्यांतल्या किती इथे आल्यावर झाल्या?' असं सरळ विचारा. 'एकालाही नाही' यापेक्षा 'दोघांना आहेत, एक घरूनच घेऊन आले होते, ड्रेसिंगची वही ही बघा' हे उत्तर मला जास्त भरवशाचं वाटतं.

नखं, दाढी, कवळी, चष्मा. नखं वाढलेली आणि मळकी असतील तर आंघोळ म्हणजे अंगावर पाणी ओतणं एवढंच चाललंय. चष्मा आहे पण काचांवर थर बसलाय, कानाचं यंत्र आहे पण सेल संपलाय, कवळी डब्यातच आहे : या तिन्हींचा अर्थ असा की त्या माणसाशी दिवसभरात कोणी बोललेलं नाही.

हाका ऐका. 'ए चार नंबर' म्हणतात, 'ए म्हातारे' म्हणतात, की 'कुलकर्णी काकू' म्हणतात? मावशी खोलीत शिरल्या की चेहरे वळतात का? कोणी अंग चोरून घेतं का?

शेवटी संडास-बाथरूम. भिंतीला धरायला दांडी, न घसरणारी फरशी, बाहेरून उघडता येईल अशी कडी, आणि तिथवर जायला रात्री दिवा. उतरता रस्ता एक फूट उंचीला बारा फूट लांब असावा, यापेक्षा उभा असेल तर चाकाची खुर्ची आवरत नाही. बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे, रात्री त्याला कुलूप असतं का आणि किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे विचारल्याशिवाय बाहेर पडू नका.

५. जेवण चाखून बघितलं, चांगलं होतं. अजून काय बघायचं?

चव ही शेवटची गोष्ट. आधी वेळा विचारा. रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेसहाला आणि सकाळचा नाश्ता साडेनऊला असेल तर पंधरा तास पोट रिकामं. मधुमेहाच्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. झोपताना दूध किंवा काहीतरी देतात का ते बघा.

मग भरवताना बघा. माणसाला उठवून बसवलंय का, की आडवं ठेवूनच घास देतात? एक घास गिळल्यावर दुसरा देतात का? ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना डाळ-भात मऊ कालवून देतात, की सगळं मिक्सरमधून काढून एकच लगदा?

आमच्या दादाची गोष्ट सांगते. पहिल्या संस्थेत भेटायला दर महिन्याचा दुसरा रविवार ठरलेला होता. तो कार्यालयात धुतलेल्या कपड्यांत बसलेला असायचा. पाचव्या महिन्यात माझं लक्ष त्याच्या पट्ट्याकडे गेलं. नेहमीच्या भोकापेक्षा दोन भोकं आत. बाहेर नेऊन औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं : एकसष्टचे चोपन्न झाले होते. तिथे वजनाची वहीच नव्हती. चौकशी केल्यावर कळलं, जेवण चांगलं होतं, पोळ्या हव्या तेवढ्या होत्या, पण वीस मिनिटांत ताटं उचलायचे. दादाला जेवायला पाऊण तास लागतो. तो मागत नाही, रडत नाही, ताट गेलं की हात धुतो. मी पाच महिने तिथला वरण-भात चाखून समाधानाने घरी येत होते. याची रुखरुख मला आजही आहे.

म्हणून वजनाची वही मागा. महिन्यातून एकदा प्रत्येकाचं वजन व्हायला हवं. महिन्यात पाच टक्के, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं अडीच किलो वजन आपोआप उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायचं.

६. किती माणसांमागे किती मावशी-मामा असावेत?

एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही. चालत्याफिरत्या वीस जणांना दोन माणसं पुरतील, अंथरुणावरच्या वीस जणांना चारही कमी पडतील. मी गणित करते. दहा माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत असं धरा. जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. कूस बदलणं, चादर सारखी करणं, डायपर बघणं, चार घोट पाणी पाजणं याला दोघींना मिळून दहा मिनिटं लागतात. दहा जणांना शंभर मिनिटं. म्हणजे दर एकशेवीस मिनिटांतली शंभर मिनिटं दोघीजणी फक्त हेच करणार, रात्रभर. आता विचारा, 'रात्री कोण असतं?' 'एक मामा असतात, ते इथेच झोपतात,' असं उत्तर आलं तर कूस बदलत नाहीत हे न विचारता कळलं.

आणखी तीन प्रश्न : सर्वांत जुन्या मावशी किती वर्षांपासून आहेत? गेल्या वर्षात किती जण सोडून गेले? पगार कोणत्या तारखेला होतो? शेवटचा प्रश्न मावशींनाच, बाजूला घेऊन विचारा. जिथे मावशींचा पगार दोन-दोन महिने अडतो तिथे आजींची काळजी नीट घेतली जाईल हे मला खरं वाटत नाही.

७. आई तिथे गेल्यापासून सारखी झोपलेली असते. 'वयामुळे' म्हणतात. खरं असेल?

असू शकतं, पण गृहीत धरू नका. गोळ्यांचा तक्ता मागा : कोणती गोळी, किती, कोणत्या वेळी, कोणी दिली, सही. घरून नेलेल्या चिठ्ठीशी ताडून बघा. नवीन गोळी दिसली तर ती कोणत्या डॉक्टरांनी, कधी, कशासाठी सुरू केली हे लेखी मागा. रात्री आरडाओरड करणाऱ्यांना गप्प ठेवायला झोपेचं किंवा मानसिक आजाराचं औषध देऊन ठेवण्याचे प्रकार होतात. त्याने वृद्ध माणूस तोल जाऊन पडतो, जेवत नाही, ठसका लागून फुफ्फुसात अन्न जातं. मात्र औषध तुमचं तुम्ही अचानक बंद करू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, मेंदूतला रक्तस्राव यांनीही माणूस असाच गुंगीत दिसतो. आपल्या डॉक्टरांना दाखवा, त्याच आठवड्यात.

८. 'पडू नये म्हणून' हात खाटेला बांधतात. हे चालतं का?

मानसिक आजाराच्या माणसाबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात बंद आहे. कलम ९७ प्रमाणे शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा त्या माणसाला किंवा इतरांना होणारी तात्काळची इजा टाळायचा दुसरा उपाय नसतो. तेही प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरत्याच वेळासाठी, कारणासह नोंद करून. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्या माणसाच्या वतीने बोलायला ठरलेल्या व्यक्तीला, चोवीस तासांत कळवावं लागतं.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या एका खासगी आश्रमात पहाटे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून गेली. त्यांना उठून पळताच आलं नाही. 'आम्ही फक्त रात्रीच बांधतो' असं कोणी सहज म्हटलं की मला ती पहाट आठवते.

वृद्धांच्या बाबतीत बांधण्याऐवजी खाट बुटकी करतात, खाली गादी टाकतात, रात्री ठरावीक वेळी उठवून संडासला नेतात. संस्थेला हे उपाय माहीत आहेत का ते विचारा. मनगटावर वळ दिसले तर प्रश्न १५.

९. इंग्लंडमध्ये अशा घरांचे शेरे जाहीर असतात म्हणे. आपल्याकडे तशी यादी कुठे मिळेल?

तिथे २००९ पासून असलेली केअर क्वालिटी कमिशन ही तपासणी संस्था हे काम करते. घर सुरक्षित आहे का, काळजीचा उपयोग होतो का, माया आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे वागतात का, कारभार नीट आहे का असे पाच प्रश्न घेऊन निरीक्षक, बऱ्याचदा न कळवता, जातात आणि उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी, अपुरं यांपैकी शेरा देतात. तो शेरा घराला दर्शनी भागात लावावा लागतो. परदेशातल्या मुला-मुलींनी त्या सवयीने इथे जाहिरातीतल्या ताऱ्यांवर विसंबू नये, इतकंच सांगते. ते पाच प्रश्न मात्र वहीत लिहून घ्या, कुठल्याही गावात उपयोगी पडतात. तुम्हाला येता येत नसेल तर इथल्या एका माणसाला दर महिन्याला न कळवता जायला सांगा. व्हिडिओ कॉलवर खांद्याच्या वरचं तेवढंच दिसतं.

१०. सीसीटीव्ही आहे, मोबाईलवर दिसतं. मग भेटायला जायची गरज किती?

तेवढीच. कॅमेरा व्हरांड्यात आणि जेवणघरात असतो. मारहाण बाथरूममध्ये होते आणि दुर्लक्ष तर कॅमेऱ्यासमोरही दिसत नाही. झोपायच्या खोलीत कॅमेरा असेल तर कपडे बदलताना काय करता हे विचारा.

११. 'पहिला महिना भेटू नका, रुळू द्या,' असं सांगतात. मान्य करावं का?

मी करणार नाही. पहिल्याच महिन्यात माणूस सर्वांत घाबरलेला असतो आणि चुकाही तेव्हाच होतात : औषध सुटतं, चष्मा हरवतो, संडास सापडत नाही. रोज जाऊन घरी न्यायचं गाजर दाखवू नका, हे संस्थेचं म्हणणं रास्त आहे. आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ, एवढं ठरवून घ्या. मानसिक आजाराच्या माणसाला २०१७ च्या कायद्याने (कलम २६) भेटीगाठी, फोन आणि पत्र यांचा हक्कच दिला आहे. तो भेट नको म्हणाला तर ते त्याच्या तोंडून ऐका.

१२. बाबांना विसरायला होतं. 'हे लोक मला मारतात,' म्हणतात. विश्वास ठेवू की आजार समजू?

आधी विश्वास ठेवा, मग तपासा. स्मृतिभ्रंशात माणूस तारीख, नाव, जागा यांची गल्लत करतो. भीती मात्र खरी असू शकते. आंघोळीच्या निमित्ताने स्वतः अंग बघा. पडल्याच्या खुणा बहुधा गुडघा, कोपर, कपाळ अशा हाडाच्या जागी असतात. दंडाच्या आतल्या बाजूला, मांड्यांवर, पाठीवर, कानामागे निळे डाग किंवा बोटांचे ठसे असतील तर 'पडले' हे उत्तर पटवून घेऊ नका. फोटो काढा, तारीख लिहा, सरकारी दवाखान्यात तपासणी करून नोंद घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांना सहज डाग पडतात हेही डॉक्टरांना विचारा.

जे बोलतच नाहीत त्यांच्या वागण्यातला बदल हीच त्यांची तक्रार. परत सोडताना फाटकापाशी पाय अडणं, ठरावीक माणूस दिसला की थरथरणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं.

१३. भावाकडून संस्थेत भांडी घासून घेतात. हे शोषण आहे का?

दादा रोज ताटं मांडतो आणि त्याला त्याचा अभिमान आहे. ते काढून घेतलं तर तो आजारी पडेल. मी तीन गोष्टी बघते : नाही म्हणायची मुभा आहे का, नाही म्हटल्यावर काही बंद होतं का, आणि ते काम तो नसता तर पगारी माणसाला द्यावं लागलं असतं का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर मोबदला हवा. मानसिक आरोग्य आस्थापनेत काम सक्तीने करून घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो, हे २०१७ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये लिहिलेलं आहे. त्याच कलमात सक्तीने मुंडण करायला आणि स्वतःचे कपडे घालू न द्यायलाही मनाई आहे. सगळ्यांचे केस सारखेच बारीक कापलेले दिसले की ते कलम आठवा.

१४. मुलगा अठराचा झाला. आता त्याच्या वतीने सही कोणाची? आणि संस्था 'घर आमच्या नावे करा, शेवटपर्यंत बघू' म्हणते.

आई-वडील असलात तरी अठरा पूर्ण झाल्यावर तुमची सही आपोआप चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. नेमणूक झालेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. मानसिक आजारात वेगळी रीत आहे : तिथे तो माणूस स्वतः नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवू शकतो. वृद्ध आईच्या बाबतीत केवळ मुलगा आहे म्हणून तिच्या खात्यावर किंवा घरावर कोणाला अधिकार मिळत नाही, संस्थेला तर नाहीच.

घराचं उत्तर : करू नका. पेन्शनचं एटीएम कार्डही संस्थेच्या कपाटात ठेवू नका. ज्येष्ठ नागरिकाने 'सांभाळ करशील' या अटीवर बक्षीसपत्र केलं आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली हवी. तोंडी शब्दावर पुढे फार कठीण जातं. डिपॉझिटबद्दल : माणूस दोन महिन्यांत वारला किंवा आपण काढून नेला तर किती परत, किती दिवसांत, हे करारात नसेल तर पैसे भरू नका.

१५. तक्रार केली तर आमच्याच माणसावर राग काढतील. काय करावं?

ही भीती खरी आहे, तिला कोणी हसू नये. इजा, उपासमार किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर क्रम उलटा ठेवा : आधी माणूस बाहेर काढा किंवा दवाखान्यात न्या, मग तक्रार. तात्काळ मदतीला ११२. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होतोय असं वाटणारी कोणतीही व्यक्ती, नातेवाईक नसली तरी, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतांना कळवू शकते (२०१६ चा कायदा, कलम ७). आणि ताब्यातल्या दिव्यांग माणसाला जाणूनबुजून अन्न-पाणी न देणं हा कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे.

बाकीच्या बाबतीत, म्हणजे कपडे हरवणं, जेवणाची वेळ, नखं, आधी मावशींशी, मग अधीक्षकांशी, मग विश्वस्तांशी बोला. दुसऱ्या खेपेपासून लेखी द्या आणि पोच घ्या. चांगल्या संस्था तक्रारीची वही स्वतःहून पुढे करतात.

१६. दोष दिसतात, पण दुसरी जागाच नाही. काय खपवून घ्यावं?

फार जणांचा हाच खरा प्रश्न असतो. रंग उडालेल्या भिंती, जुन्या खाटा, दूरदर्शनचा एकच संच, साधं जेवण, तुटपुंजी बाग : खपवून घ्या. अशा गरीब संस्थांत मी सर्वांत मायाळू माणसं पाहिली आहेत. औषधांची वही नसणं, वजन न करणं : महिन्याची मुदत द्या, स्वतः वही आणून द्या, कधी कधी तेवढ्यानेही सुरू होतं. मारणं, बांधणं, उपाशी ठेवणं, कोंडणं, भेट नाकारणं, रात्री बाहेरून कुलूप लावून निघून जाणं : एक दिवसही नाही. घरी दोन खोल्यांत ओढाताण होईल, रजा संपेल, तरीही.

१७. आईच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींकडे कोणीच येत नाही. आम्ही काही करू शकतो का?

हो. कार्यालयात आधी सांगून ठेवा, म्हणजे गैरसमज होत नाही. आईसाठी जे बघता तेच त्यांच्यासाठी बघा : पाणी, टाचा, नखं, चष्मा. नाव विचारा आणि नावाने हाक मारा. त्यांना मुलांकडून निर्वाहखर्च हवा असेल आणि स्वतः जाता येत नसेल, तर त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था त्यांच्या वतीने न्यायाधिकरणात अर्ज करू शकते. २००७ च्या कायद्याच्या कलम ५ मध्ये ही सोय आहे, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. अत्याचाराचा संशय असेल तर प्रश्न १५.

दादाच्या खोलीत चौघे राहतात. माझ्या वजनाच्या वहीत चार नावं आहेत.